कॅव्हियारची डबी घेताना आधी कोड वाचा

कॅव्हियार म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली अंडी. त्याच्या डबीवर ‘बेलुगा’, ‘इम्पिरियल’, ‘रॉयल’ असं ठळक छापलेलं असतं. त्याकडे नंतर पाहा, आधी डबी उलटी करून छोट्या अक्षरांतला साइट्स (CITES, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कोड शोधा. त्यातली पहिली तीन अक्षरं स्टर्जन माशाची नेमकी जात सांगतात. एचयूएस म्हणजे खरा बेलुगा, जीयूई म्हणजे रशियन स्टर्जनचं ‘ओसेत्रा’ कॅव्हियार, एसटीई म्हणजे ‘सेव्रुगा’ कॅव्हियार आणि बीएई म्हणजे सायबेरियन स्टर्जन. दोन जातींच्या मध्ये गुणिलेचं चिन्ह असेल, तर मासा संकरित आहे. चीनमधल्या मत्स्यशेतीतलं ‘कालुगा’ नावाचं कॅव्हियार बहुतेकदा असंच असतं. चवीला उत्तम, पण बेलुगाच्या भावात घेऊ नका.

पुढचं अक्षर माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. सी म्हणजे पाळलेला मासा, डब्ल्यू म्हणजे नैसर्गिक पाण्यात पकडलेला. बेलुगाची मादी वयात यायलाच पंधरा-वीस वर्षं लागतात आणि कॅस्पियन समुद्रातले हे मासे बेसुमार मासेमारीने संपत आले आहेत. म्हणून डब्ल्यू दिसलं तर डबी सरळ परत ठेवा. त्यानंतर देश आणि वर्ष येतं. कोडच नसेल, तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

सॅमन किंवा लम्पफिशची गाबोळी स्टर्जनची नव्हे, त्यामुळे तिच्यावर हा कोड नसतो.

कॅव्हियार सोबत दुसऱ्या देशात नेणार असाल तर साइट्सच्या नियमानुसार माणशी १२५ ग्रॅमपर्यंत परवाना लागत नाही. काही देशांचे नियम मात्र याहून कडक आहेत, ते निघण्यापूर्वीच तपासा.