क्रूझच्या आधी रोममध्ये दोन दिवस? या चुका टाळा

क्रूझच्या कागदावर ‘रोम’ छापलेलं असतं, पण जहाज लागतं चिवितावेक्कियाला. हे बंदर रोमपासून ७०-८० किलोमीटर लांब आहे. आम्हा दोघांना हे पैसे भरल्यावर कळलं आणि दोन दिवसांचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागला.

तो हिशेब आधीच करा. दोन रात्री म्हणजे हातात पूर्ण दिवस एकच. विमान सकाळी फ्युमिचिनोला उतरलं तरी इमिग्रेशन, बॅगा, तिथून तेर्मिनी स्टेशनपर्यंतची ३२ मिनिटांची लिओनार्दो एक्सप्रेस, यात दुपार होते. जहाजात चढायचा दिवस तर धरूच नका. आम्ही उतरल्या दिवशीच दुपारचं व्हॅटिकन म्युझियम्सचं तिकीट काढलं होतं. विमानाला उशीर झाला, ठरलेली वेळ टळली, पैसे बुडाले. पैशांपेक्षा जास्त लागलं ते तिथलंच सिस्टीन चॅपेल बघायचं राहिलं याचं. वेळ ठरलेली तिकिटं दुसऱ्या दिवसाचीच काढा. तो रविवार असेल तर आधी बघून घ्या. महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर ही म्युझियम्स रविवारी बंद असतात.

पहिली संध्याकाळ मोकळी ठेवा. उन्हाळ्यात रोमचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे आठ वाजताच डोळे मिटायला लागतात आणि पहाटे चारला टक्क जाग येते. बिछान्यात तळमळत पडू नका. उजाडताच त्रेवी कारंज्यावर जा. दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसते, पहाटे मात्र पाण्याचा आवाज नीट ऐकू येतो. आमच्या अख्ख्या सहलीतला तो सगळ्यात सुंदर तास होता.

कलोसियमचं तिकीट नावावर असतं आणि दारात पासपोर्ट बघतात. आपल्याकडे मधलं नाव कधी लिहितात, कधी गाळतात. तिथे पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा. तिकीट नाहीच मिळालं तर जास्त पैसे घेऊन रस्त्यात तिकीट विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. कॅपिटोलिन टेकडीच्या मागच्या बाजूला जा. तिथून अख्खं रोमन फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, पायाखाली दिसतं, फुकट.

आता व्हिसा, कारण ही चूक ऐनवेळी दुरुस्त होत नाही. जहाज मध्ये तुर्कस्तानातल्या कुशादासीला किंवा माँटेनेग्रोतल्या कोतोरला थांबणार असेल, तर तुम्ही शेंगेनबाहेर (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) जाऊन परत आत येता. त्यासाठी एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा लागतो. अर्जाबरोबर जहाजाचा पूर्ण मार्ग जोडा. व्हिसा हाती आला की प्रवेशांच्या रकान्यात ‘०१’ तर नाही ना, हे त्याच दिवशी बघा.

लहानसहान गोष्टी: व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, एक ओढणी पुरते. स्पॅनिश पायऱ्यांवर बसलात तर दंड होतो. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, रस्त्यारस्त्यावरच्या नळांचं पाणी थंड आणि पिण्याजोगं असतं. शाकाहारी असाल तर सुप्ली घेताना विचारा, या तळलेल्या भातगोळ्यांच्या सारणात बरेचदा मांस असतं.

बंदराच्या दिवशी सकाळी ‘एवढं एकच बघून येऊ’ म्हणू नका. साधी ट्रेन सव्वा तासाच्या आसपास घेते. छापील तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो. इटलीत रेल्वेचे संपही होतात, म्हणून आदल्या रात्री त्या दिवसाचा संप शोधून बघा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ ठरावीक लोकल गाड्या धावतात, त्यातली पकडा. चिवितावेक्किया स्टेशनवरून लार्गो देला पाचे या बंदराजवळच्या बसथांब्यापर्यंत जायचं, पुढे जहाजापर्यंत बस मिळते. मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतात आणि खोलीत यायला कधीकधी संध्याकाळ होते. पासपोर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या आणि कपड्यांचा एक जोड खांद्यावरच्या पिशवीतच असू द्या.