'टू' की 'आयएनजी'? मराठी माध्यमातून पीयूसीला जाणाऱ्यांसाठी

मराठी माध्यमातून दहावी करून पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स किंवा कॉमर्स घेतलं, की इंग्रजी एकदम सगळीकडून अंगावर येतं. काळ, स्पेलिंग हळूहळू जमतात. पण एका क्रियापदापुढे दुसरं आलं की 'टू' लावायचं की 'आयएनजी', इथे बऱ्याच जणांचं अंदाजपंचे चालतं. बेळगावजवळच्या खानापूर भागातल्या मुलांना शिकवताना ही चूक मला रोज दिसते.

ती येते आपल्या 'यला'मधून. 'वाचायला आवडतं', 'बोलायला लागला', 'जायला हवं' असं आपण सर्रास म्हणतो, म्हणून हात आपोआप 'टू'कडे जातो. वॉन्ट, डिसाइड, होप, रिफ्यूज यांच्यापुढे ते बरोबरच आहे. पण 'आय एन्जॉय टू रीड' चूक, तिथे 'रीडिंग'च हवं. फिनिश, अव्हॉइड, माइंड यांचंही तसंच. आपल्याकडच्या कन्नडमध्येही 'माडाक' (करायला) आणि 'माडोदु' (करणं) आहे, पण ती वाटणी इंग्रजीशी जुळत नाही. तेव्हा मनात भाषांतर करून उत्तर काढू नका.

अर्थाचा आधार मात्र घ्या. 'टू' बहुधा पुढच्या कामाकडे बघतं, 'आयएनजी' चालू असलेल्या किंवा झालेल्या कामाकडे. 'रिमेंबर टू लॉक द डोअर' म्हणजे कुलूप लावायचं लक्षात ठेव. 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर' म्हणजे कुलूप लावल्याचं मला आठवतंय. 'ही स्टॉप्ड टू टॉक' म्हणजे तो बोलण्यासाठी थांबला. 'ही स्टॉप्ड टॉकिंग' म्हणजे तो बोलायचा थांबला. हा फरक एकदा कळला की व्याकरण आवडू लागतं, हे मी मुलांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. तरी सजेस्ट आणि पोस्टपोन पुढचंच बोलतात आणि 'आयएनजी' घेतात, त्यामुळे थोडं पाठांतर चुकत नाही. वहीत नुसतं क्रियापद लिहू नका, घरचं वाक्य लिहा: 'माय मदर अव्हॉइड्स ट्रॅव्हलिंग बाय द लास्ट बस.'

इन, ऑफ, विदाउट अशा शब्दयोगींपुढे नेहमी 'आयएनजी'. पत्राच्या शेवटी 'आय लुक फॉरवर्ड टू हिअर' लिहून पुष्कळ जण फसतात. तिथलं 'टू' शब्दयोगी आहे. शंका आली तर पुढे नाम घालून बघा: 'लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' जमतं, म्हणून 'हिअरिंग'.

लाइक, स्टार्ट, बिगिन यांना बहुतेक वेळा दोन्ही चालतं, त्यात डोकं शिणवू नका. 'वुड लाइक'पुढे मात्र 'टू'च.