गोव्यातील घराण्यासाठी वंशावळीचा डेटाबेस कसा पारखावा

वंशावळीच्या संकेतस्थळाची व्याप्ती पारखताना आधी त्याने जाहीर केलेला आकडा कशाचा आहे, हे पाहावे. फॅमिलीसर्चच्या वंशवृक्षात १०० कोटींहून अधिक, तर जेनीच्या वृक्षात १५ कोटींहून अधिक व्यक्ती आहेत. दोन्हीकडे सर्वांनी मिळून एकच वृक्ष वाढवायचा असल्यामुळे एका माणसाचे एकच पान असणे अपेक्षित असते. ॲन्सेस्ट्रीवर मात्र प्रत्येक सदस्य स्वतंत्र वृक्ष मांडतो, म्हणून एकच पणजोबा दहा नातेवाइकांकडून दहा वेळा नोंदला जाऊ शकतो. शिवाय तेथील अब्जावधी ‘रेकॉर्ड’ म्हणजे तितकी माणसे नव्हेत.

त्यानंतर नावाने नव्हे, तर गावाने शोध घ्यावा. कॅटलॉगमध्ये तिसवाडी, बार्देश, साष्टी किंवा फोंडा यांपैकी कोणत्या भागाची, कोणत्या वर्षांची आणि कोणत्या प्रकारची कागदपत्रे आहेत, ते तपासावे. अनुक्रमणिका न झालेली पाने नावाच्या शोधात सापडत नाहीत. ती एकेक करून चाळावी लागतात. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या चर्चमधील नोंदींमुळे कॅथलिक घराण्यांचा माग तुलनेने दूरवर लागतो. हिंदू घराण्यांना मात्र देवस्थानच्या महाजनांची (वंशपरंपरेने हक्कदार सदस्यांची) यादी आणि कोमुनिदादच्या, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या, गावकऱ्यांची (वंशपरंपरागत भागीदारांची) पुस्तके पाहावी लागतात, आणि ती परदेशी डेटाबेसमध्ये मिळतील असे गृहीत धरू नये.

आडनाव शोधताना पोर्तुगीज वळणाची सर्व रूपे लिहून पाहावीत, कारण लिस्बनच्या वळणाने लिहिणाऱ्या कारकुनाने शेणवीचे ‘सिनाय’, कामतचे ‘कामोतिम’ आणि प्रभूचे ‘पोरोबो’ केले. ‘श’साठी एक्स हे अक्षर वापरले जाई, म्हणून शेट हे आडनावही एक्सपासून सुरू होणारे सापडते. ही तयारी न करता ‘काही मिळाले नाही’ असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते.

नाव जुळले तरी सोबत मूळ कागदाची प्रतिमा नसेल, तर ती नोंद केवळ सूचना मानावी. सामाईक वृक्ष कोणीही बदलू शकतो, म्हणून आपली प्रत १९८४ पासून प्रचलित असलेल्या गेडकॉम या वंशावळीच्या फाइल-स्वरूपात संगणकावर ठेवावी.

उरलेल्या दुव्यांसाठी पणजीच्या पुराभिलेखागाराकडे वळावे. त्याचा आरंभ १५९५ मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु यांच्या पुराभिलेखपाल म्हणून झालेल्या नेमणुकीने झाला. महाजन आणि गावकरी यांच्या याद्या परंपरेने पुरुषांच्या वंशानेच चालत असल्याने त्यांत लेकींची नावे सहसा येत नाहीत. ती वारसाहक्काच्या इन्व्हेंटरीत (मृताची मालमत्ता आणि वारस यांच्या नोंदीत) आणि नोटरीच्या दस्तांत शोधावीत, कारण १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने मुलींनाही मुलांसारखाच वारसा दिला आणि त्यामुळे त्यांची नावे, बहुधा पतीच्या नावासह, वारसांमध्ये लिहावी लागली.