पर्सेफोन कोणाला फोन करते?

माझ्या पहिल्या ग्रीक फॅनफिकचे (म्हणजे जुन्या कथेतली पात्रं घेऊन हौसेने लिहिलेल्या नव्या कथेचे) अकरा भाग लिहून झाले, तोवर नायिकेचं नाव मी बिनदिक्कत 'पर्सेफोन' असं लिहीत होते. बारावा भाग मावशीला वाचून दाखवायला बसले. ती मेथी निवडत ऐकत होती. हेडीसने नायिकेला पाताळात नेलं, आई रानोमाळ शोधत फिरतेय, असा अगदी रडवेला प्रसंग. मावशी काडी मोडत म्हणाली, "अगं, नावातच फोन आहे ना तिच्या? मग आईला एक लावायचा की." तिने ते इतक्या गंभीरपणे विचारलं की मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला.

चूक इंग्रजी स्पेलिंगची. शेवटचा 'ई' दिसला की आपण तो शाळेतल्या सवयीने गिळतो. ग्रीक नावात तो गिळायचा नाही. तिथे मूळ अक्षर 'एटा' आहे, म्हणजे लांब ए: पेर्सेफोने, पेनेलोपे, हेर्मिओने, कल्लिओपे, निओबे. इंग्रजी बोलणारे त्याचा ई करतात, म्हणून पर्सेफनी, पिनेलपी, हर्मायनी. गंमत म्हणजे 'फोन' हा शब्दही ग्रीकच, 'फोने' म्हणजे आवाज. पण त्यातला ओ दीर्घ, पेर्सेफोनेतला ऱ्हस्व. आपल्या लिपीत ओ एकच, त्यामुळे मावशीला दोष देता येत नाही.

तर पहिलं काम: कथा सुरू करण्याआधी वाट ठरवा. इंग्रजी वळणाने जायचं तर सर्सी, सर्बरस, अकिलीज, युरिडिसी. ग्रीक वळणाने जायचं तर किर्के, केर्बेरोस, अखिल्लेउस, एउरुदीके. दोन्ही चालतात. एकाच पानावर किर्के आणि सर्बरस आले की मात्र वाचणाऱ्याला एकाच मांडवात दोन बँड वाजल्यासारखं होतं. मी ग्रीक वाट धरते. त्यातही झ्यूस, हेलन आणि हेडीस यांना सूट देते, कारण ती नावं इतकी रुळलीत की 'हेलेने' लिहिलं तर ही कोण नवी बाई, असं वाटतं.

ग्रीक वाटेचं मला खरं आकर्षण वाटतं ते आपल्या लिपीमुळे. इंग्रजीला जे अडतं ते आपल्याकडे बाराखडीत बसलेलं आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातल्या अथेन्समध्ये फी, थीटा आणि खी ही अक्षरं महाप्राण होती, म्हणजे सरळ फ, थ, ख. रोमन लिपीत 'पी-एच', 'टी-एच', 'सी-एच' दिसलं की हेच तीन घ्यायचे. शब्दाच्या सुरुवातीला 'सी-एच' पाहून 'चिरॉन' लिहिणारे मी पुष्कळ पाहिलेत. तो अखिल्लेउसचा गुरू खेइरोन आहे, इंग्रजीत कायरन. नुसता 'सी' म्हणजे क, नेहमी. आणि फ म्हणताना ओठ मिटून म्हणा, फळातला फ, फोनमधला नव्हे. (आजच्या ग्रीसमध्ये मात्र तो फोनमधलाच झालाय. तुमची कथा आजच्या अथेन्समध्ये घडत असेल तर पात्रांच्या तोंडी तो येऊ द्या.)

तसंच ट आणि ड. अ‍ॅफ्रडायटी, आर्टेमिस, पोसायडन यांतले ट-ड इंग्रजीच्या वाटेने आले. ग्रीक त-द आपल्यासारखेच दंत्य: अफ्रोदीते, आर्तेमिस, पोसेइदोन. याचा पुरावा आपल्याच देशात उभा आहे. विदिशेजवळ बेसनगरला ग्रीक राजदूताने उभारलेला गरुडध्वज आहे, त्यावर ब्राह्मीत त्याचं नाव कोरलंय 'हेलिओदोरेण'. ड नाही, द. अगाथोक्लेस या इंडो-ग्रीक राजाच्या नाण्यांवरही ब्राह्मी अक्षरांत थ स्पष्ट आहे. ज्यांनी ही नावं ग्रीकांच्या तोंडून ऐकली, त्यांच्या कानावर मी इंग्रजी स्पेलिंगपेक्षा जास्त भरवसा ठेवते.

एक अक्षर मात्र आपल्याकडे नाही: उप्सिलोन. ओठ 'उ'चे करायचे आणि जीभ 'ई'ची ठेवायची. मी उ लिहून मोकळी होते. म्हणून इंग्रजीतल्या ओडिसियसचा ओदुस्सेउस. जोडाक्षर टाळू नका, ते दोन स खरे आहेत. अखिल्लेउसमधला ल्ल पण खरा, गल्लीतल्यासारखा; पण इलियडमध्ये वृत्तासाठी तो कुठे कुठे एकच ल होतो. आपले कवी ऱ्हस्वदीर्घाची सूट घेतात, त्यातलाच प्रकार.

संवाद लिहिताना एक सुंदर सोय आहे. ग्रीकमध्येही संबोधन असतं आणि हाक मारताना या 'एउस'वाल्या नावांचा शेवटचा स गळतो: "ओदुस्सेउ, थांब!" भांडणाच्या प्रसंगात एकदा वापरून पाहा. विभक्तीत मात्र मी मराठीच चालवते. अखिल्लेउसने, आर्तेमिसला, पेर्सेफोनेच्या. सीतेला, राधेने म्हणतो तसं अथेनाचं अथेनेला. हे तर दुधात साखर, कारण होमरच्या काव्यात तिचं नावच अथेने आहे.

हर्क्युलिसबद्दल मी जरा हट्टी आहे. ते रोमन नाव. ग्रीक कथेत तो हेराक्लेस, म्हणजे 'हेराचं यश'. जी हेरा त्याला पाळण्यात असल्यापासून छळते, तिचंच नाव तो आयुष्यभर मिरवतो. हर्क्युलिस लिहिलंत की ही सगळी बोच गेली. ज्युपिटर (झ्यूसचा रोमन अवतार) आणि ग्रीक हेराला नवराबायको करणाऱ्यांशी तर मी बोलतच नाही.

शेवटी, नावं बदलायची असतील तर एकेक करून, डोळ्यांनी पाहून बदला. झ्यूसच्या आईचं नाव मी 'रिया' लिहिलं होतं. ग्रीकमध्ये सुरुवातीचा र श्वास सोडून म्हणत, आणि त्यासाठी आपल्याकडे ऱ्हासातला ऱ्ह तयारच आहे, म्हणून हौसेने 'ऱ्हेआ' करायचं ठरवलं आणि 'सगळीकडे बदला' दाबलं. रात्री मावशीपुढे वाचायला बसले तर पोसेइदोन त्रिशूळ घेऊन 'दऱ्हेआत' उतरला होता, आणि त्यावर अथेनेची 'प्रतिक्ऱ्हेआ' काय झाली ते माझ्या जिभेला काही केल्या म्हणता येईना.