जळक्या गाडीवरचं दव

फॉरेन्सिकची पदवी घेऊन फील्डवर येणारी पोरं हमखास विचारतात, "जळून कोळसा झालेल्या गाडीत राहतंच काय?" बरंच राहतं. थंडीत तर उन्हाळ्यापेक्षा जास्त. फक्त पहिले दोन तास हातानं घाई करायची नाही.

मी तपासलेली पहिली जळकी गाडी पन्हाळा रोडला उसाच्या फडाकडेला होती. जानेवारीतली सकाळ, धुकं, जळक्या पत्र्यावर दवाचे थेंब. सीटच्या सांगाड्यावर काचेचा तुकडा सापडला. त्यावर काहीतरी कोरलेलं वाटलं, म्हणून रुमालानं दोन्ही बाजूंनी पुसला. मागून सर ओरडले, "आरं, काय पुसतोयस? पुरावाच पुसलास की!" अशा तुकड्याची खालची बाजू काजळीशिवाय स्वच्छ निघाली, तर काच आगीआधी फुटली असण्याची शक्यता मोठी. काजळी रुमालात गेली, प्रश्न तसाच राहिला.

तेव्हा दव उन्हानं वाळू द्या. तोवर टॉर्च आडवा धरून फोटो काढा, चारी बाजूंनी, मग आतून. रंग जळालेला उघडा पत्रा दवानं भराभर गंजतो. आग कुठं जास्त तापली हे सांगणारे निळसर-पांढरट पट्टे एक-दोन रात्रींत तांबूस गंजाखाली जातात.

थंडीचा फायदाही आहे. सांडलेलं पेट्रोल सावकाश उडतं. सीटखालचं कार्पेट, दाराच्या पट्टीखालची घडी, खालची माती इथं ते टिकतं. नाकावर मात्र भिस्त नको, गारठ्यात वास कमी येतो. नमुना घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत घ्या. साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून वाफ निसटते. त्याच गाडीतलं, पेट्रोल पडल्याचा संशय नसलेलं कार्पेटही तुलनेला घ्या.

आणि शेकोटी! रात्री पहाऱ्याला थांबलेल्यांनी गाडीपासून दहा पावलांवर पाचट पेटवलेलं असतं, वर डिझेलचा शिंतोडा. त्यांना दोष देत नाही, गारठा असतोच. पण शेकोटी कुठं होती, कशानं पेटवली, हे विचारून पंचनाम्यात घाला.

ॲल्युमिनियमचा रिम वितळला म्हणून लगेच 'पेट्रोल ओतलं' म्हणू नका. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि साध्या गाडीच्या आगीतही तेवढी उष्णता होते. तांब्याच्या वायरीच्या टोकाला गोल मणी दिसला तर वायरीत करंट होता एवढंच कळतं. आग तिथूनच लागली असं नाही. गळीत हंगामात वाळल्या पाचटावर उभी केलेली गाडी तापलेल्या सायलेन्सरनंही पेटते, हेही ध्यानात असू द्या. नंबरप्लेट गेली तरी चासीवर ठोकलेला नंबर बहुधा शाबूत असतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे गुन्ह्याच्या तपासाच्या नव्या कायद्यात, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञानं जागेवर जाण्याची तरतूद आहे. त्यामुळं बोलावणी वाढणार, तीही भल्या पहाटे.

त्या दिवशी माझा रुमालही सील झाला. पंचांच्या सह्या, लाख, लेबल. लेबलवरचं "काजळी लागलेला रुमाल" हे सरांनी मलाच लिहायला लावलं.