पान पिवळं पडलं की युरिया? शाळू-सोयाबीनवाल्यांनो, या चुका टाळा

शाळूला (रब्बी ज्वारीला) दाणे भरायला लागले आणि बुडातली पानं पिवळी पडली की अथणी-गोकाक भागात आधी युरियाची पिशवी फुटते. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पान म्हातारं करायची जनुकं झाडात मुळातच असतात. वय झालं किंवा पाण्याचा ताण बसला की ती जागी होतात, हरितद्रव्य मोडतं, प्रथिनं फुटतात आणि त्यातलं नत्र कणसाकडे निघतं. ताणात पान पिकवणारं अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं, मुळांकडून येणारं, पान हिरवं ठेवणारं सायटोकायनिन घटतं, म्हणून हे काम वेळेआधीच सुरू होतं. अशा वेळी कोरड्या रानात टाकलेला युरिया मुळांना उचलताच येत नाही. पैसे मातीत जातात.

त्यामुळे आधी पान बघा. नत्र कमी असेल तर बुडाचं पान टोकाकडून मधल्या शिरेवरून आत पिवळं होत येतं, आणि ही खूण पीक लहान असल्यापासून दिसते. ताण असेल तर दुपारी पानं सुरळीसारखी गुंडाळतात आणि मुरमाड पट्टा आधी पिवळा पडतो. सोयाबीनमध्ये शेंड्याचं कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ते म्हातारपण नव्हे. चुनखडीच्या काळ्या रानात हे हमखास होतं. तिथे लोह मिळत नसतं, मग फेरस सल्फेटची फवारणी करावी.

दुसरी चूक म्हणजे हिरवं राहिलं की पीक चांगलं, असं समजणं. शेंगाच धरल्या नाहीत तर सोयाबीन काढणीच्या वेळीही हिरवंगार उभं राहतं, कारण पानातला माल न्यायला कुणी नसतं. गव्हाचंही असंच. आपल्या खपली गव्हाचा जो रानटी पूर्वज, त्याच्यात नॅम-बी१ नावाचं जनुक सापडलं. ते पान लवकर पिकवतं आणि नत्र, जस्त, लोह दाण्यात पोचवतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गव्हातली या घराण्याची जनुकं दाबली, तेव्हा पिकणं तीन आठवड्यांहून जास्त लांबलं, पण दाण्यातली प्रथिनं, जस्त आणि लोह ३० टक्क्यांहून जास्त घटलं.

तिसरी चूक एका जनुकावर सगळी भिस्त ठेवण्याची. १९९५ मध्ये तंबाखूत असं जनुक बसवलं की पान म्हातारं होऊ लागताच ते स्वतःच सायटोकायनिन बनवे आणि हिरवं राही. प्रयोग फार सुंदर होता. पण निपाणीच्या विडी-तंबाखूला पान पिकायलाच लागतं. तांबूस ठिपके उठल्याशिवाय इथे कुणी तोडणीला हात घालत नाही. ज्वारीत हिरवेपणा टिकवणारे चार मुख्य जनुकीय पट्टे इथिओपियाकडच्या वाणात सापडले. त्यांचं काम मात्र निराळं आहे. ते फुटवे आणि पानांचा पसारा आवरतात, फुलोऱ्याआधी पाणी कमी खर्चतात आणि उरलेल्या ओलीवर दाणे भरतात. ताट भक्कम राहतं, म्हणून खडखड्या, म्हणजे ताट बुडात कुजवून कोलमडवणारा रोगही कमी लागतो. मला यातलं खरं मोल याच पाणी राखण्यात दिसतं.

ते काम आपल्या हातातही आहे, आणि चौथी चूक इथेच होते. पान पिवळं झाल्यावर पाणी द्यायला धावतात. पूर्ण पिवळं झालेलं पान परत हिरवं होत नाही, त्यामुळे एकच पाणी शक्य असेल तर ते पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी) किंवा फुलोऱ्यात द्या. पाणीच नसेल तर कोळपणी चुकवू नका. तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्यात अखंड पासेचं, आणि आठव्यात दातेरी कोळपं चालवा. त्याने भेगा बुजतात आणि ओल उडत नाही. एवढं करूनही ताटं कोलमडली तर एखादं ताट बुडाशी उभं चिरून बघा. आत तंतू सुटलेले आणि त्यांना काळे बारीक कण चिकटलेले दिसले तर तो खडखड्या. पुढच्या वर्षी त्या रानात शाळूऐवजी दुसरं पीक घ्या आणि पेरा विरळ ठेवा.