मिरर थेरपी घरी करताय? या चुका टाळा

मिरर थेरपी म्हणजे दुखरा हात किंवा पाय आरशामागे लपवायचा आणि त्याच्या जागी चांगल्याचं प्रतिबिंब बघायचं. पण होतं काय? व्हिडिओ बघायचा, आरसा आणायचा आणि पहिल्याच दिवशी हात जोरजोरात हलवायला लागायचं. जुनाट दुखण्याचे रुग्ण हेच करून माझ्याकडे येतात आणि सांगतात, "मॅडम, आरशाने त्रास वाढला." वाढणारच. किती दुखवायचं हे मेंदू नुसत्या नसांच्या निरोपावरून ठरवत नाही, डोळ्यांना काय दिसतं तेही धरतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे थेट आरशावर उडी. मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर सीआरपीएस (दुखापतीनंतर हात किंवा पाय सुजून प्रमाणाबाहेर दुखत राहण्याचा आजार) झालेल्या एक बाई आल्या होत्या. प्लास्टर कधीच निघालं होतं, पण हात सुजलेला, तांबडा. पंख्याचा वाराही सोसत नव्हता. घरच्यांनी आरसा मांडून दोन्ही हातांच्या भराभर मुठी वळायला लावल्या. आरशात दिसणारी मूठ सहज मिटत होती, मागे लपलेला हात जागचा हलत नव्हता. डोळे एक सांगतात, हात दुसरंच. संध्याकाळपर्यंत सूज वाढली आणि बाईंनी त्या हाताकडे बघणंच सोडलं, तो कायम ओढणीखाली.

त्यांच्याशी मी आरशाचं नावही काढलं नाही. आधी हातांचे फोटो: हा डावा की उजवा, एवढंच ओळखायचं. मग हात न हलवता हालचाल फक्त मनात करायची. सीआरपीएसमध्ये नुसत्या कल्पनेनेही दुखणं आणि सूज वाढू शकते, म्हणून तिथेही बेताबेतानेच. आरसा शेवटी, आणि तेव्हाही सुरुवातीला फक्त बघायचं. वेदनेचे संशोधक लॉरिमर मोझली यांनी 2004 मध्ये सीआरपीएसच्या रुग्णांवर हाच क्रम वापरला, प्रत्येक टप्प्याला दोन आठवडे. पुढे क्रम उलटसुलट करूनही पाहिला, तेव्हा हाच सरस ठरला. तरी लोक विचारतात, "पहिले दोन टप्पे गाळले तर?" गाळू नका. फोटो ओळखणं पोरकट वाटतं म्हणून कंटाळणारे रुग्णच पुढे अडकतात.

दुसरी चूक आरशाचीच. दाढीचा आरसा आणतात, तो वस्तू मोठी दाखवतो. 2008 मध्ये मोझली आणि सहकाऱ्यांनी हाताच्या जुनाट दुखण्याच्या रुग्णांना त्यांचा दुखरा हात मोठा आणि लहान करून दाखवला. हालचाल तीच, पण हात मोठा दिसला तेव्हा दुखणं आणि सूज जास्त, लहान दिसला तेव्हा कमी. म्हणून आरसा सपाट हवा, हात कोपरापर्यंत मावेल एवढा. मी तर आधी अंगठी, घड्याळ, बांगड्या काढायला लावते. एका हातात घड्याळ आणि दुसऱ्यात नाही, तर प्रतिबिंब आपल्या हाताचं वाटतच नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

टीव्ही बघत आरशासमोर बसू नका. नजर प्रतिबिंबावर नसेल तर काहीच होत नाही.

तासभर बसू नका. 2007 मध्ये फँटम वेदनेवर, म्हणजे कापलेल्या हातापायाच्या जागी जाणवणाऱ्या दुखण्यावर, झालेल्या मिरर थेरपीच्या चाचणीत रोज 15 मिनिटं, चार आठवडे, एवढंच होतं. मी तर पाच-पाच मिनिटं दिवसातून तीनदा सांगते.

हे फक्त हातापायांपुरतं आहे असं समजू नका. कंबरदुखीच्या रुग्णांना हालचाल करताना स्वतःची पाठ आरशात दिसली तेव्हा त्यांचं दुखणं कमी झालं, असंही एका अभ्यासात आढळलं आहे.

आणि घरच्यांनो, "बघण्याने दुखणं बदलतं, म्हणजे सगळे मनाचे खेळ" हे रुग्णाला कधीही ऐकवू नका. सूज मनाने रचलेली नसते, ती मोजता येते. अशा शेऱ्याने खचून उपचार सोडणारे मी पाहिलेत, आणि त्याचा मला फार राग येतो.

सरावानंतर वाढलेला ठणका दुसऱ्या सकाळीही उतरला नाही, तर एक टप्पा मागे या. बघताना मळमळ झाली, हात परका वाटला, तर तिथेच थांबा आणि पुढच्या भेटीत फिजिओथेरपिस्टला सांगा.